खराब गाडीची चावी परत केली, म्हणून काम बंद? सांगली-साताऱ्याच्या ट्रकमालकांना खुले पत्र

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या ट्रकमालकांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना,

रामराम.

मी तासगाव तालुक्यातला ड्रायव्हर. अवजड गाडीवर सव्वीस वर्षं झाली, त्याआधी तीन वर्षं किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर होतो. तुमच्यापैकी बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात, काहींच्या गाड्या मी चालवल्या आहेत. कुणा एकावर राग काढायला हे पत्र लिहीत नाही, म्हणून नाव कुणाचंच घेणार नाही. पण गेल्या महिन्यात जे झालं ते मुकाट्याने गिळता येत नाही.

मी एक गाडी नाकारली. त्याच रात्री तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझा फोटो फिरला. खाली लिहिलं होतं, "गाडी भरल्यावर नखरे करतो, कुणी ठेवू नका." तेव्हापासून पाच आठवडे झाले, मला बदलीवरसुद्धा कुणी बोलावलेलं नाही. दोन ठिकाणी पगार ठरला होता. दोन्हीकडून संध्याकाळी फोन आला, "राहू दे, दुसरा मिळाला." गाडी का नाकारली, एवढं त्या ग्रुपवर कुणीच विचारलं नाही. म्हणून ते इथे सगळ्यांसमोर सांगतो.

सांगलीच्या एका गोदामावर साखर भरली होती. पन्नास किलोची ३२० पोती, म्हणजे सोळा टन. माल चिपळूणला उतरायचा होता. पेठ नाका, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. गाडी दहा टायरी, तेरा वर्षांची. त्या गाडीवर माझी ती पहिलीच खेप. ताडपत्री बांधून झाली, दोऱ्या आवळल्या आणि निघण्याआधी मी नेहमीप्रमाणे ब्रेकची हवा बघितली. इंजिन चालू ठेवून हवेच्या दाबाचा काटा आठावर नेला, इंजिन बंद केलं, ब्रेकवर पाय दाबून धरला आणि किन्नरला मागे कान द्यायला सांगितलं. डाव्या बाजूच्या मागच्या चाकापाशी हवा सुटत होती. मोबाईलवर वेळ लावली. सहा मिनिटांत काटा आठावरून पाचावर आला. मग मी स्वतः खाली शिरलो. बॅटरी मारली तर चाकाच्या एका ब्रेक-ड्रमवर ग्रीसचा ओघळ उतरलेला, म्हणजे आतलं सील गेलेलं. दुसऱ्या बाजूचे ब्रेकचे लायनर इतके झिजलेले की रिवेट आता ड्रमला लागतील असं वाटत होतं.

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "अरं, मागच्या पंधरा खेपा त्याच गाडीनं मारल्यात की. हळू उतार. आल्यावर लायनर टाकू." मी म्हणालो, "मालक, घाट उतरायचाय. आत्ता फिटर बोलवा, सकाळी निघतो." फिटरला मीच आधी विचारून घेतलं होतं. चार तासांचं काम आणि साडेसहा हजार रुपये. मालक म्हणाले, "माल सकाळी पोचला पाहिजे. जमत नसंल तर चावी ठेव." मी चावी गोदामाच्या टेबलावर ठेवली आणि शेवटच्या एसटीने घरी आलो.

याला तुम्ही नखरे म्हणता.

हवेच्या ब्रेकचं काम तुम्हाला मी सांगायला नको. पण आमच्या पुढे-मागे ज्यांच्या मोटारसायकली आणि जीपगाड्या असतात तेही हे वाचतील, त्यांच्यासाठी लिहितो. पाय दाबला की टाकीतली हवा पुढे जाते आणि तिच्या जोरावर लायनर ड्रमला घासतात. दर वेळी थोडी हवा खर्च होते, ती कॉम्प्रेसर भरून काढतो. सपाट रस्त्याला ब्रेक कमी लागतो, त्यामुळे गळती असली तरी झाकून जाते. सांगली ते कराड ती गाडी बिनतक्रार गेली असती. घाटात दर वळणाला ब्रेक लागतो. हवा भरण्यापेक्षा खर्च जास्त होते, ड्रम तापतो, तापलेला लायनर पकड सोडतो, आणि ज्या ड्रमवर ग्रीस उतरलंय तो तर पहिल्यापासूनच कामाचा नसतो. हवा फार उतरली की मागच्या चेंबरमधली स्प्रिंग सुटून चाकं जाम होतात, ही कंपनीने ठेवलेली शेवटची सोय. गळकी गाडी त्यामुळे जागेवर अडायला लागली की काही जण ती स्प्रिंगच बोल्टने आवळून टाकतात. गाडी धावते, पण शेवटची सोयही जाते. अशा गाड्यांची चावी मी हातात धरलेली आहे.

आता कुंभार्लीचंच का एवढं मनावर घेतलं, तेही सांगतो. २०११ साली मी याच घाटात अशीच गाडी उतरवत होतो. तेव्हा नाकारली नव्हती. मालकाला चार दिवस आधी सांगितलं होतं, "ब्रेक खाली बसतोय." ते म्हणाले होते, "रविवारी बघू." गुरुवारी घाटात तिसऱ्या वळणाला पाय दाबला आणि पाय रिकामा गेला. गिअर खाली पडेना. समोरून एसटी येत होती. मी गाडी डोंगराच्या बाजूला घातली आणि दगडाला घासत नेली. गाडी थांबली, एसटीला धक्का लागला नाही. पण डावी बाजू पूर्ण आत गेली होती आणि डाव्या बाजूला माझा किन्नर बसला होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, माझ्याच गावचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

गुन्हा माझ्यावर दाखल झाला, तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम २७९ आणि ३३८. सात वर्षं मी तारखांना गेलो. दर तारखेला एक दिवसाची मजुरी बुडाली. मालकाच्या गाडीचं नुकसान विम्यातून भरून आलं. पोरगा कागदावर कुठेच नव्हता. ना हजेरीत, ना विम्यात. त्यामुळे त्याच्या पायाचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न शेवटपर्यंत तसाच राहिला. आज तो गावात टपरीवर बसतो. मी समोरून गेलो की हात करतो. मी अजून त्याच्या आईच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. गाडी मालकाची होती, ब्रेक मालकाने टाळले होते, हे सगळं खरं आहे. पण चावी मी घेतली होती.

आणि हेही कबूल करतो की त्यानंतरही मी खराब गाड्या चालवल्या. पोरीची फी होती, घराचा स्लॅब अर्धा होता. चालवल्या. म्हणून आज जो ड्रायव्हर अशी गाडी घेऊन निघतो, त्याला मी नावं ठेवत नाही.

टपरीवर यावर वाद होतो. आमच्यातलेच काही म्हणतात, गाडी म्हटली की काहीतरी बिघाड असणारच. दर बिघाडाला चावी ठेवायची म्हटलं तर वर्षातून दोन महिनेसुद्धा काम व्हायचं नाही. ते चूक बोलत नाहीत. केबिन गळते, सीट फाटलेली आहे, स्टार्टर दोनदा मारावा लागतो, काच खाली होत नाही, अशा गाड्या आम्ही आयुष्यभर चालवल्या आणि पुढेही चालवू. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ती माझ्या वाट्याला येईल तेव्हा येईल, तिच्यासाठी मी भांडत नाही. भांडण चार गोष्टींपुरतं आहे. ब्रेक, स्टेअरिंग, पुढचे टायर आणि मागचे दिवे. यातलं एक जरी खराब असेल तर गाडी हलता कामा नये, आणि ती हलवायला नकार देणं हे ड्रायव्हरचं कामच आहे.

मागचे दिवे ऐकून काही जणांना वाटेल की ही किरकोळ बाब. रात्री हायवेला गाडी बंद पडते तेव्हा ती किरकोळ राहत नाही. डिझेलची लाईन हवा धरते, क्लच प्लेट बसते, आणि सोळा टन माल घेऊन गाडी पहिल्या लेनमध्ये उभी राहते. बॅटरी आधीच उतरलेली, त्यामुळे इंडिकेटर नाही. रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर. रिफ्लेक्टरचा त्रिकोण गाडीत नसतोच, म्हणून आम्ही मागे दगड मांडतो, झाडाची फांदी खोवतो. मागून मोटारसायकलवाला ऐंशीच्या वेगाने येतो. त्याला ट्रक दिसतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. आणि गाडी चालू झाली की घाईत ते दगड तिथेच राहतात. नागठाणे ते उंब्रज या पट्ट्यात असा एक दगड मी स्वतः मागे सोडून गेलो होतो. पुढे टोलनाक्यावर आठवलं. परत गेलो नाही. तो दगड अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. वारंवार बंद पडणारी गाडी ही फक्त ड्रायव्हरची डोकेदुखी नसते, हे त्यावरून कळावं.

तुमचंही एक म्हणणं मी ऐकलं आहे आणि त्यात तथ्य आहे. तुम्ही म्हणता, ब्रेक फेल झाला म्हणून जे सांगितलं जातं, त्यात कित्येकदा ड्रायव्हरने उतारावर गाडी न्यूट्रल केलेली असते. बरोबर. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकमुळे ४८ वाहनांचं नुकसान झालं. आधी ब्रेक फेल म्हणून सांगितलं गेलं, नंतर तपासात उतारावर इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, हवा भरायची बंद, स्टेअरिंग जड. हा आमचा गुन्हा आहे. जो ड्रायव्हर असं करतो त्याला जरूर काढा, माझी तक्रार नाही. पण तो असं का करतो, तेही विचारा. तुम्ही अ‍ॅव्हरेज ठरवून दिलेलं असतं. त्याच्यापेक्षा जास्त डिझेल लागलं की पगारातून कापता. तेरा वर्षांचं इंजिन नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज देत नाही. तो फरक भरून काढायला माणूस कात्रजच्या उतारावर, खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर, किल्ली बंद करतो. डिझेलची ती कपात बंद करा. न्यूट्रलची सवय निम्मी तिथेच मोडेल.

कायद्याचं सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १९०. ज्या दोषामुळे रस्त्यावरच्या लोकांना धोका होईल, आणि जो दोष माहीत आहे किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, अशी गाडी जो चालवतो, जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, ते सगळे त्या कलमात येतात. म्हणजे "हळू उतार" असं फोनवर सांगणारा मालकही येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याला दंड १,५०० रुपये आहे. त्या दोषाने अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शेजारीच कलम १९४ बघा. ओव्हरलोड सापडला तर २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,०००. म्हणून वजनकाट्याची तुम्हाला धास्ती वाटते आणि ब्रेकची वाटत नाही. हे मला दंडाच्या आकड्यांवरूनच समजलं, आणि सरकारनेही समजून घ्यावं.

फिटनेसचं म्हणाल तर, आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. त्या गाडीचंही होतं. पासिंगच्या आदल्या रात्री दुसऱ्या गाडीचे चांगले टायर काढून चढवायचे, दिवे बसवायचे, आणि कागद हातात आला की परत उतरवायचे, हे काम मी स्वतः जॅक लावून केलं आहे. कागद वर्षभर चालतो. टायर एक दिवस.

भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला कलम १०६ लागतं. आधी ३०४ अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. पळून गेलेल्याला दहा वर्षांचं जे पोटकलम होतं, त्याच्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर आम्ही स्टेअरिंग सोडलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि सरकारला ते पोटकलम लागू करणं थांबवावं लागलं. तेव्हा तुम्ही आमच्या बाजूने होता. तुमच्यापैकी काहींनी आम्हाला चहा-नाश्ता आणून दिला, मला आठवतंय. अपघातानंतरच्या शिक्षेविरुद्ध आपण एकत्र उभे राहिलो. अपघात ज्या गाडीने होतो त्या गाडीसाठी मात्र मी एकटा उभा राहिलो, तर माझा फोटो ग्रुपवर फिरला.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं समजू नका. बहुतेकांच्या एक-दोन गाड्या आहेत. बँकेचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो, भाड्याचे पैसे व्यापारी दीड-दोन महिन्यांनी देतो. तासवडे, आनेवाडी प्रत्येक ठिकाणी टोल जागेवरच कापला जातो. कोकणातून येताना रिकामी यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांना १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा लागायचा आणि त्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. पण एक-दोन गाड्यांचा मालक त्यात बसतच नव्हता, आणि त्याच्याकडचा ड्रायव्हरही नाही. तुम्ही आणि आम्ही दोघेही उघड्यावर आहोत. पण तुम्ही पैशांनी उघड्यावर आहात, आम्ही हातापायांनी.

म्हणून मागतो ते थोडकं आहे.

प्रत्येक गाडीत एक शंभर पानी वही ठेवा. बिघाड दिसला की ड्रायव्हर तारीख टाकून लिहील, फोटो काढून तुम्हाला पाठवेल. दुरुस्ती झाली की फिटरची सही. वर सांगितलेल्या चार गोष्टींपैकी एकाचीही नोंद उघडी असेल तर गाडी भरायला लावू नका. माल भरल्यावर सगळ्यांचाच नाइलाज होतो. व्यापारी घाई करतो, तुम्ही चिडता, आणि आम्ही दबतो. म्हणून तपासणी भरण्याआधी. पंधरा मिनिटं लागतात.

त्या चार गोष्टींवर ड्रायव्हर नाही म्हणाला तर तो शेवटचा शब्द. तुम्हाला तो खोटं बोलतोय असं वाटलं तर तुमच्याच विश्वासातला फिटर आणा आणि त्याला गाडीखाली घाला. तो "ठीक आहे" म्हणून वहीत सही करेल तर मी निघेन.

गाडी दुरुस्तीला उभी राहिली त्या दिवसाचा पगार आणि भत्ता द्या. यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो. कारण आज खेप नाही तर भत्ता नाही, आणि भत्त्यावरच घर चालतं. नाही म्हणायला पैसे पडत असतील तर कुणी नाही म्हणणार नाही. उचल घेतलेला पोरगा तर तोंडही उघडणार नाही.

किन्नर कागदावर घ्या. विम्यात त्याचा हप्ता भरा. त्या रकमेवर कुणाचा धंदा बुडत नाही.

ग्रुपवर ज्याला टाकायचं त्याला टाका. दारू पिऊन चालवणारा, डिझेल विकणारा, माल चोरणारा. खराब ब्रेक नाकारणाऱ्याला टाकू नका. माझ्याबद्दलचा तो मेसेज मागे घ्या, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांनी तिथेच हे पत्रही पाठवा.

सांगली, सातारा आणि कराडच्या परिवहन अधिकाऱ्यांना एकच विनंती. हायवेवर गाडी अडवण्यापेक्षा माल भरतो तिथे या. मार्केट यार्डात, कुपवाडच्या एमआयडीसीत, गळीत हंगामात कारखान्यांच्या गेटवर. तिथे गाडी उभी असते, वेळ असतो, आणि खराब निघाली तर घाटापासून शंभर किलोमीटर लांब असते.

मी नाकारलेली गाडी दुसऱ्या दिवशी गेली. बावीस वर्षांचा पोरगा घेऊन गेला, पलूस भागातला. माल वेळेवर पोचला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं म्हणे, "बघा, काय झालं? काही नाही." त्या पोराने कुठूनतरी माझा नंबर मिळवला आणि तिसऱ्या दिवशी फोन केला. म्हणाला, "दादा, घाट उतरून पोफळीला पोचेपर्यंत तीनदा थांबलो. चाकातून धूर येत हुता. ड्रमवर पाणी मारलं आन् परत निघालो." मी त्याला सांगितलं, तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नको, ड्रम तडकतो, नुसती गाडी उभी कर आणि गार होऊ दे. मग विचारलं, मालकाला सांगितलंस का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुमचा फोटो बघितला हुता, दादा."

ती गाडी अजून चालू आहे. लायनर टाकलेले नाहीत. पुढच्या आठवड्यात तिला पुन्हा चिपळूणचं भाडं आहे, आणि पोरगा तोच आहे. मालकांकडे फिटरचा नंबर आहे. चार तासांचं काम आहे, साडेसहा हजारांचं. आज गुरुवार. सोमवारच्या आत होऊन जाईल.

आपला,
एक ड्रायव्हर, तासगाव तालुका